नाव नको, माप सांगा!

पेण म्हटले की शहरातल्या माणसाला गणपतीच्या मूर्ती आठवतात, नाहीतर पोह्यांचे पापड. खाडीकाठी पसरलेल्या खारेपाटाकडे मात्र सहसा कोणाची पावले वळत नाहीत. तिथली भातशेती समुद्रापासून हिसकावून घेतलेली आहे आणि मातीचा बांध हाच तिचा पाठीराखा. त्या बांधाला भगदाड पडले (तिकडे त्याला 'खांड' म्हणतात) की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि एकदा मुरलेले मीठ धुऊन काढण्यात पुढचे पावसाळे खर्ची पडतात. पूर्वी 'जोळ' पद्धतीने सारा गाव बांधावर राबे. १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली खारजमिनींसाठी कायदे झाले. काळ पालटला, घमेल्यांच्या रांगेची जागा माती उपसणाऱ्या यंत्राने घेतली.

या यंत्राला आपण सरसकट 'पोकलेन' म्हणतो. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. त्याचा धाकटा भाऊ 'जेसीबी', म्हणजे १९४५ साली इंग्लंडात धंदा सुरू करणाऱ्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची आद्याक्षरे! यंत्र कोणाच्याही कारखान्यातले असो, आपल्या लेखी त्याचे बारसे आधीच झालेले. मराठीचा अध्यापक या नात्याने मला याचे मोठे कौतुक वाटे. पण नुसत्या नावावर विसंबले की काय होते, ते मला गेल्या वर्षी कळले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे असले एक वीस वर्षांचे यंत्र आहे. कोजागरीच्या उधाणात त्याच्या गावच्या बांधाला खांड गेली. पुढचे मोठे उधाण दिवाळीच्या अमावास्येचे. मध्ये दिवस पंधरा, शेतात कापणीला आलेले भात, आणि नेमक्या वेळी यंत्राने हात टाकला! अक्षरशः हातच. तो उचलून धरणाऱ्या जॅकमधून तेल गळू लागले आणि वर केलेला हात आपोआप खाली येऊ लागला.

"सर, माझ्याबरोबर चला. एकट्याला सुचत नाही," तो म्हणाला. निघालो. विक्रेत्याकडे उत्तर मिळाले, "हे मॉडेल बंद झाले." कळंबोलीच्या एका दुकानात मॉडेलचे नाव सांगताच सीलचे पुडके हाती पडले, परत येऊन बसवतो तो सील सैल! चार दिवस फुकट गेले.

कोणीतरी रोह्याच्या एका वृद्ध मेस्त्रींचे नाव सुचवले. धाटावच्या कारखान्यांची कामे करण्यात त्यांची हयात गेलेली. मी मॉडेलचे नाव सांगू लागलो, तोच त्यांनी हात वर केला.

"मास्तर, नाव नको, माप सांगा."

मग त्यांनी एक बेअरिंग माझ्या हातावर ठेवले. त्यावर आकडा होता ६२०५. "शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा. पंचवीस. म्हणजे आतले भोक पंचवीस मिलिमीटर. कोणत्याही देशात करा, माप तेच."

व्हर्नियरने त्यांनी दांडा मोजला, नळकांडे मोजले, सीलची खाच मोजली. सीलसुद्धा मापावर मिळते. कंपनीचे नाव लागत नाही. पण खरे दुखणे वेगळेच निघाले. खाऱ्या हवेने दांड्यावरचा क्रोमचा मुलामा खाऊन खड्डे पाडले होते. त्या खड्ड्यांवरून घासून नवे सीलही आठ दिवसांत फाटले असते. मुलामा दिलेली सळई व्यासाच्या मापाने विकत मिळते. मुंबईच्या नागदेवी भागातून सळई आणि सील आणले. मेस्त्रींनी लेथवर आटे पाडले, जुन्या दांड्याचा डोळा कापून नव्याला जोडला. झिजलेले बुशही तिथेच नवे कातले.

जुन्या यंत्राचा हा मोठा गुण आहे : जे मोजता येते ते पुन्हा घडवता येते. नव्या यंत्रातल्या विजेच्या मेंदूपुढे व्हर्नियरची मात्रा चालत नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी खांड बुजली. अमावास्येचे उधाण आले, बांधाला धडका देऊन परतले. भात वाचले.

मेस्त्रींचे आभार मानायला गेलो तेव्हा ते एका शंभरपानी वहीत आमच्या दांड्याची मापे टिपून ठेवत होते. तेलाने पारदर्शक झालेली पाने, पेन्सिलीचे पुसट आकडे. बाजारातून नाहीशा झालेल्या कितीतरी यंत्रांचे सुटे भाग त्या वहीत शाबूत होते. "मुलाला यात गोडी नाही," ते सहज म्हणाले.

मी आजवर जुन्या पोथ्यांच्या नकला केल्या. फाटलेले पान पाहून हळहळलो. ही पोथी मात्र माझ्या देखत फाटत होती. मी वही मागितली. मेस्त्री हसले, म्हणाले, "न्या, पण दशांश चिन्ह चुकवू नका, मास्तर. तुमच्या काना-मात्रेपेक्षा ते महाग पडते."

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत मी ती वही उतरवून काढणार आहे.