कायदा माणसामागे जातो की जमिनीमागे?

पीएचडीची तयारी करताना तुम्ही कधी ना कधी एक प्रश्नावली बनवाल आणि त्यात एक रकाना टाकाल: "जमीन कोणाच्या नावावर?" शेती, पाणी, पोषण, स्थलांतर, विषय कुठलाही घ्या, हा रकाना येतोच. माझा विषय जव्हार-मोखाड्यातले नागली आणि वरईचे स्थानिक वाण. मी विज्ञान शाखेचा, कायद्याचा नाही. पण बियाणं कोणाकडे राहतं हे समजायचं तर जमीन कोणाकडे जाते हे कळावं लागतं, आणि तिथे वारसा कायदा येतो, त्याच्या मागोमाग विवाह कायदाही. तुम्हालाही ही वेळ येणार, म्हणून आज एकच मुद्दा नीट सोडवून बघू: माणूस गेल्यावर कोणता कायदा लागू होतो, हे ठरतं कसं?

आधी लांबचं उदाहरण घेऊ, कारण त्यात मुद्दा उघडा दिसतो. समजा, जर्मनीतला एक गृहस्थ निवृत्तीनंतर स्पेनमध्ये राहायला गेला आणि तिथेच वारला. वारसा जर्मन कायद्याने की स्पॅनिश? युरोपीय संघाचा ६५०/२०१२ हा नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंना लागू आहे. तो सांगतो की माणूस शेवटी नेहमीसाठी जिथे राहत होता, साधारणपणे तिथला कायदा. मात्र मृत्युपत्रात "माझ्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लावा" असं लिहून ठेवता येतं. म्हणजे घर बदललं की कायदाही बदलू शकतो, आणि अनेकांना हे माहीतच नसतं.

आता भारतात या. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं कलम ५ मालमत्तेचे दोन भाग करतं. भारतातली स्थावर मालमत्ता भारताच्या कायद्याने जाते, मग मालकाचा अधिवास कुठलाही असो. जंगम मालमत्ता मात्र मृत्यूच्या वेळी अधिवास ज्या देशात असेल त्या देशाच्या कायद्याने जाते. पण हे कलम हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन यांना लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळे कायदे किंवा नियम आहेत.

कायदा माणसामागे कसा चालत जातो याचं जवळचं उदाहरण गोव्याचं. गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची मुंबईतली मालमत्ता कोणत्या कायद्याने वाटायची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१९ मध्ये उत्तर मिळालं: गोव्यात चालू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने. जमीन मुंबईत, कायदा गोव्याचा.

आता जव्हार-मोखाड्यात येऊ. इथे वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी असे आदिवासी समाज राहतात. सर्वेक्षण करणारे बरेच जण गृहीत धरतात की २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, तर तो इथेही असणार. पण ती दुरुस्ती झाली हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ मध्ये. त्याच कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्येही तशीच तरतूद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या अपवादाचा फेरविचार करायला सुचवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की आज तरी हा कायदा त्यांना लागू नाही.

मग लागू काय? त्या त्या समाजाची रूढी. आणि ती माणसामागे जाते. दिवाळीनंतर मोखाड्याचं कुटुंब कामासाठी भिवंडीला वीटभट्टीवर गेलं म्हणून त्यांचा वारसा नियम भिवंडीत बदलत नाही. आपल्या स्पेनवाल्या गृहस्थाच्या अगदी उलट!

पण इथेच दुसरी गोष्ट लक्षात घ्या. एकाच घरात दोन नियम असू शकतात. सातबाऱ्यावरची जमीन रूढीने जाईल. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला वनपट्टा मात्र त्या कायद्याच्या कलम ४(४) ने जातो. तो वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. आणि विवाहित असतील तर नवराबायको दोघांच्या नावावर संयुक्तपणे नोंदवायचा असतो. म्हणजे त्याच बाईचं नाव घराच्या एका जमिनीवर असेल आणि दुसरीवर नसेल. तुमच्या प्रश्नावलीत जमिनीचा एकच रकाना असेल तर हा फरक दिसणारच नाही.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही, असंही समजू नका. खातेदार वारला की तलाठ्याकडे वर्दी द्यायची, वारस नोंदवहीत नावं चढायची, मग फेरफार, मग सातबारा, असा तो प्रवास. ही नोंद महसुलासाठी असते. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, पण हक्क तिच्यातून जन्माला येत नाही. तरीही व्यवहारात नाव नसलं की पीककर्ज अडतं, भरपाई दुसऱ्याच्या खात्यात जाते.

लग्नाचंही तसंच. वारली लग्न धवलेरी लावते, चौक लिहिला जातो. दाखला नसला तरी रूढीने लागलेलं लग्न हे लग्नच. प्रश्न येतो तो पुराव्याचा. खर्च जमत नाही म्हणून विधी न करता वर्षानुवर्षं एकत्र राहणारी जोडपीही या भागात आहेत. त्यातला नवरा गेला तर "बायको" या शब्दाचा पुरावा काय, इथून बाईची अडचण सुरू होते.

हा पुराव्याचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करायची असते: जुनी आहे, निश्चित आहे, सतत पाळली जाते. २००१ च्या एका निकालात पत्नी ओरांव होती, पती संथाल. दुसरं लग्न रूढीने रद्द ठरतं हे तिला सिद्ध करता आलं नाही आणि तिची तक्रार टिकली नाही. १७ जुलै २०२५ ला मात्र छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न फिरवला. खालच्या न्यायालयांनी विचारलं होतं, "बाईला वाटा देणारी रूढी दाखवा." सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नाही, मग समानतेच्या तत्त्वाने वाटा मिळायला हवा.

यात आपल्यासारख्यांचा काय संबंध? खूप आहे. रूढीच्या वादात गॅझेटियर, अहवाल, अभ्यासकांची पुस्तकं पुरावा म्हणून पुढे येतात. तुम्ही प्रबंधात सहज लिहिलंत, "या समाजात मुलींना जमिनीत वाटा नसतो", तर ते वाक्य उद्या एखाद्या मुलीविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. पाच पाड्यांत पाच पुरुषांना विचारून असं वाक्य लिहायचं नसतं.

म्हणून फील्डवर उतरण्याआधी चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायची तयारी ठेवा. जमीन कोणत्या प्रकारची: सातबारा की वनपट्टा? कागदावर नाव कोणाचं? प्रत्यक्ष कसतं कोण? आणि मागच्या पिढीत खरोखर वाटप कसं झालं, त्यात विधवेला, मुलीला, घरजावयाला काय मिळालं? शेवटचा प्रश्न बायकांना वेगळा विचारा. "आमच्यात असं असतं" हे उत्तर एका रकान्यात आणि "आमच्या घरात असं झालं" हे दुसऱ्या रकान्यात लिहा. ही दोन उत्तरं बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि ती जिथे जुळत नाहीत तिथे तुमचा संशोधन प्रश्न असतो.