पंचवीस रुपये आणि केळुसकर गुरुजी

ज्या घरातील कोणीही यापूर्वी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही, त्या घरातील मुलाला उच्च शिक्षणासाठी काय हवे असते, असे विचारले की बहुतेकांच्या ओठी ‘पैसा’ हे एकच उत्तर येते. आणि हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे, हे एका सर्वपरिचित चरित्रातील एका प्रसंगावरून ध्यानात येते.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर या व्यासंगी शिक्षकांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला केळुसकरांनी आधीच हेरले होते. पुढे इंटरनंतर घरची आर्थिक ओढाताण असह्य होऊन शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकरच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराज गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. १९१३ साली याच बडोदे संस्थानाच्या साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या खजिन्यात द्रव्य होते आणि मुंबईच्या चाळीत बुद्धिमत्ता होती; परंतु या दोहोंना जोडणारी वाट ज्यांना ठाऊक होती ते केळुसकर मध्ये नसते, तर ती शिष्यवृत्ती त्या चाळीपर्यंत पोहोचलीच असती, असे कोणाला म्हणता येईल?

हा अनुभव घेतलेल्या पुरुषाने पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आग्रह धरला आणि १९४४ मध्ये ती योजना सुरू झाली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि निजामी अमलातून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात, औरंगाबाद येथे, १९५० साली महाविद्यालय उघडले. ज्या मुलुखाचे स्वतंत्र विद्यापीठ १९५८ साली जन्मास आले, त्या मुलुखातील खेड्यापाड्यांतील मुलांसाठी महाविद्यालयाच्या नागसेनवन या परिसरात वर्ग, वसतिगृह आणि प्राध्यापकांचा सहवास यांची एकत्र तजवीज झाली.

त्याच शहरातून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. शेती आणि कारखाने या दोहोंवर चरितार्थ चालणाऱ्या अशा गावातील, नुकतीच बारावी झालेली एखादी मुलगी आपण डोळ्यांसमोर आणावी. तिच्यासाठी सरकारी तरतुदी नाहीत असे नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले आहे.

परंतु या हक्कापर्यंत जाणारा रस्ता दाखल्यांचा आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, अनेक अभ्यासक्रमांसाठी जात वैधता, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते, ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरील अर्ज आणि त्याची मुदत, ही सारी साखळी आहे. एक कडी निखळली की वर्षाची मदत हुकते. शिकलेल्या घरात ही माहिती जेवताना सहज कानावर पडते. या मुलीच्या घरात मात्र माया असते, कष्ट असतात, माहिती तेवढी नसते. प्रवेशानंतरही इंग्रजी पाठ्यपुस्तकाची धास्ती, पहिल्या सत्रात राहिलेला विषय, ‘हे आपले काम नव्हे’ असे वाटण्याचा एकाकी क्षण, यांवर कोणत्याही शिष्यवृत्तीत उतारा नाही. तो उतारा माणूसच असतो.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यामागे एक पालक-प्राध्यापक नेमावा. आणि चितेगावसारख्या प्रत्येक गावात एखाद्या निवृत्त शिक्षकाने, कारखान्यातील अभियंत्याने किंवा गावातून पदवीधर झालेल्या पहिल्या मुलीने निकालानंतरचे दोन महिने दाखले, अर्ज आणि धीर यांसाठी द्यावेत. यास मोठा निधी लागत नाही. दुसऱ्याचे मूल आपले मानण्याची तयारी लागते.

औरंगाबादच्या त्या महाविद्यालयाला नाव मिळाले ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा, आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्षू. आज खेड्यातून बसने शहरात उतरणाऱ्या मुलांच्या मनात प्रश्न पुष्कळ आहेत. उत्तर देणारे कोणीतरी त्यांना भेटले पाहिजे.