गिरसप्पा : स्थलनाम, आख्यायिका आणि इतिहास

शरावती नदी सह्याद्रीच्या माथ्यावरून जेथे ८३० फूट, म्हणजे सुमारे २५३ मीटर, खोल दरीत उडी घेते, त्या धबधब्यास मराठी वाचक 'गिरसप्पा' या नावाने ओळखतो. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात मोडत होता. त्यामुळे हे नाव मराठी भाषकांच्या परिचयाचे झाले. कन्नड भाषक मात्र त्याच स्थळास 'जोग' म्हणतात. एकाच धबधब्यास दोन नावे का, त्यांचा अर्थ काय, आणि त्यांच्याभोवती गुंफलेल्या कथांना इतिहासात कोणते स्थान द्यावे, हे प्रश्न स्थलनामांच्या अभ्यासकास बोधप्रद वाटतील असे आहेत.

वस्तुतः गिरसप्पा हे धबधब्याचे नाव नव्हेच. ते धबधब्याच्या खाली, नदीच्या प्रवाहाने समुद्राच्या दिशेस सुमारे तीस किलोमीटरांवर असलेल्या गावाचे नाव होय. किनाऱ्यावरील होनावर बंदरातून नावेने नदी चढून येणाऱ्या प्रवाशास प्रथम हे गाव लागे आणि तेथून घाट चढून तो धबधब्यापाशी पोचे. साहजिकच त्याने धबधब्यास वाटेवरील गावाचे नाव दिले. उलट 'जोग' हे पठारावरच्या लोकांनी दिलेले नाव. कन्नडात हा शब्द धबधबा या अर्थाने सांगितला जातो. धबधब्याखालील डोहास 'जोगद गुंडी', म्हणजे जोगचा खड्डा, असे म्हणतात. मराठी कानास येथे एखाद्या जोग्याची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. सारांश, दोन नावे ही त्या स्थळी पोचण्याच्या दोन दिशा आहेत : एक समुद्राकडून, दुसरी घाटमाथ्यावरून.

आता गावाच्या नावाकडे वळू. मराठी 'गिरसप्पा' या रूपात 'गिरी' आणि 'अप्पा' हे दोन ओळखीचे शब्द असल्याचा भास होतो. पण मूळ कन्नड रूप 'गेरुसोप्पे' असे आहे. त्याची फोड 'गेरु' आणि 'सोप्पु' अशी करतात. 'सोप्पु' म्हणजे पाला. 'गेरु' या शब्दाचा आजचा प्रचलित अर्थ काजू असा असल्याने 'काजूच्या पानांचे गाव' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. हा अर्थ कालदृष्ट्या टिकत नाही. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे; ते पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. ख्रिस्तोव्हाँव द कॉश्ता या वैद्याने १५७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन येते. गेरुसोप्पे हे नाव तर पंधराव्या शतकातील शिलालेखांतही आढळते. जे झाड देशात आलेच नव्हते त्यावरून गावाचे नाव पडणे असंभव आहे.

मग व्युत्पत्ती चुकीची म्हणावी काय? तसेही नाही. चूक आहे ती फोडीत नसून अर्थात आहे. 'गेरु' हा कन्नडातील जुना शब्द असून त्याचा मूळ अर्थ बिब्बा असा आहे. परीट ज्याने कपड्यांवर खुणा करीत तोच हा बिब्बा. संस्कृतात त्यास 'भल्लातक' म्हणतात, आणि गेरुसोप्पे नगराचे संस्कृत नाव 'भल्लातकीपुर' असे मिळते. ज्या पंडितांनी हे भाषांतर केले, त्यांना 'गेरु' म्हणजे बिब्बा हे ठाऊक होते, यात शंका नाही. पुढे काजू आला. दोन्ही झाडे आंब्याच्याच कुळातील. दोहोंत मांसल देठाखाली बी लोंबते आणि दोहोंच्या टरफलात अंग भाजणारे तेल असते. लोकांनी नव्या झाडास जुनेच नाव दिले. या संक्रमणाचा दुसरा पुरावा मराठी वाचकाच्या हाताशीच आहे. मराठीत 'गोडंबी' म्हणजे बिब्ब्याच्या आतील गर. कन्नडात तोच शब्द काजूगरास लावतात. युरोपीय वनस्पतिशास्त्रातही असेच घडले : 'अ‍ॅनाकार्डियम' हे औषधविक्रेत्यांचे बिब्ब्याचे नाव लिनियसने काजूच्या प्रजातीस दिले.

या नगराचा इतिहास बिब्ब्यापेक्षा मिऱ्यांशी अधिक निगडित आहे. विजयनगरच्या अंकित असलेल्या साळुव घराण्याची ही राजधानी होती. राणी चेन्नभैरादेवी हिची कारकीर्द सामान्यतः १५५२ ते १६०६ अशी मानली जाते. तिच्या मुलखातील मिऱ्यांच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला 'मिऱ्यांची राणी' म्हणत. नगरबस्तीकेरी येथील चतुर्मुख बसदी हे चार द्वारांचे जैन मंदिर त्या वैभवाची साक्ष आजही देते. केळदीच्या वेंकटप्प नायकाने हे राज्य जिंकले. त्यानंतर १६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी येथून गेला, तेव्हा नगर उद्ध्वस्त झाले होते. त्याने ऐकलेली कथा अशी की, राणीने एका हलक्या कुळातील परक्या पुरुषास जवळ केले, तो तिच्यावर उलटला आणि त्यानेच वेंकटप्पास बोलावले. राज्य जाऊन दोन दशकेही लोटली नव्हती, तोच पराभवाचे कारण एका स्त्रीच्या आसक्तीत शोधणारी कथा तयार झाली होती. स्थानिक परंपरा मात्र तिला समर्थ राज्यकर्ती म्हणूनच स्मरते. आख्यायिका कोणाच्या तोंडून आली, हे प्रथम पाहावे लागते ते यासाठी.

नदीच्या नावाची कथा निराळ्या प्रकारची आहे. तीर्थहळ्ळीजवळील अंबुतीर्थ येथे सीतेची तहान भागविण्यासाठी रामाने भूमीत बाण मारला व त्यातून ही नदी उगम पावली, असे सांगतात. म्हणून 'शर' पासून 'शरावती'. या कथेचे बीज दोन भाषांच्या संगमात आहे. 'अंबु' म्हणजे संस्कृतात पाणी, तर कन्नडात बाण. पाण्याच्या तीर्थास बाणाचे तीर्थ मानण्यास एवढे द्व्यर्थित्व पुरेसे होते. 'शर' या शब्दाचाही बाणाखेरीज बोरू किंवा वेत्रासारखे तृण असा अर्थ आहे. पाणिनीच्या 'शरादि' गणात 'शर' व 'वंश' शेजारी येतात आणि त्यांपासून 'शरावती', 'वंशावती' ही नावे सिद्ध होतात; तेव्हा 'तृणाने भरलेली' हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. शिवाय अमरकोशात शरावती ही भारताच्या प्राच्य व उदीच्य भागांची सीमा म्हणून येते. हे नाव दक्षिणेतील या नदीपुरते नाही, हे त्यावरून उघड होते.

धबधब्याच्या चार धारांची नावे याहून अर्वाचीन आहेत. राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी अशी ही नावे असून, त्यांतील दोन उघडच इंग्रजी आहेत. राणीस इंग्रज 'दाम ब्लांश', म्हणजे शुभ्र स्त्री, या फ्रेंच नावानेही संबोधीत. चारही नावांच्या आरंभी 'र' यावा, ही योजना लोकमुखाची नसून प्रवासी लेखकांची दिसते. तरीही आज ही नावे रूढ असून त्यांवर कथाही रचल्या जातात.

येथे १९४८ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९६४ मध्ये वरच्या बाजूस लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. तेव्हापासून पावसाळा सरला की राजाची धार क्षीण होते. कित्येकदा नुसता कडाच दिसतो. बिब्ब्याची जागा अर्थात काजूने घेतली, राजधानीच्या जागी अरण्य वाढले, आणि आता पाणीही धरणाच्या इच्छेने पडते. उरली आहेत ती नावे. आख्यायिका नावाचा विसरलेला अर्थ भरून काढते. अभ्यासकाने तिला इतिहास समजू नये, पण टाकूनही देऊ नये. काजूची व्युत्पत्ती चुकीची होती खरी. परंतु ती तपासली नसती, तर तिच्याखाली दडलेला बिब्बा सापडला नसता.