सव्वा महिन्याच्या आतली खूण

बाळ जन्मतं तेव्हा अंग बहुधा कोरं असतं. बारशाच्या सुमारास पापणीवर लाल ठिपका दिसतो, डास चावल्यासारखा. बघता बघता तो फुगून स्ट्रॉबेरीसारखा होतो. मग घरात कुजबुज सुरू होते: ग्रहण पाळलं नसेल, काहीतरी खाल्लं असेल. सगळा दोष आईच्या पदरात. मला याची चीड येते, कारण या खुणेचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. तिचं नाव हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, कर्करोग नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते.

‘मोठं झाल्यावर जाईल,’ असं आजी म्हणते आणि बहुतेकदा तिचंच खरं ठरतं. चार-पाच वर्षांत गाठ बरीचशी विरते. पण पापणीवरच्या गाठीने डोळा झाकला, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. पुढे गाठ गेली तरी नजर अधू राहते. हनुवटीवर आणि गळ्यावर पसरलेली गाठ आत श्वासनलिकेतही असू शकते. अंगावर पाच किंवा जास्त गाठी असल्या, तर यकृताची सोनोग्राफी करतात. कोणत्या बाळाला थांबता येईल आणि कोणाला नाही, हे ओळखण्यात बालत्वचारोगतज्ज्ञाचं खरं कसब आहे.

2008पर्यंत मुख्य उपाय स्टिरॉइडचा होता. फ्रान्समधल्या बोर्डोच्या रुग्णालयात नाकावर अशी गाठ असलेल्या एका बाळाला स्टिरॉइड चालू असतानाच हृदयाचा आजार झाला. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं. हे हृदयरोगाचं जुनंच औषध. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988चं नोबेल मिळालं होतं. दुसऱ्याच दिवशी गाठीचा लालभडक रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी हा योगायोग सोडून दिला नाही. आणखी बाळांना औषध देऊन त्यांनी अकरा जणांचा अनुभव छापला. 2015मध्ये 460 बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: किलोमागे रोज तीन मिलिग्रॅमच्या मात्रेने सहा महिन्यांत 60 टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली, औषधाविना नुसतं द्रावण मिळालेल्यांत हे प्रमाण 4 टक्के होतं.

औषध सुरू करताना बाळाचं वजन करतात, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजतात. मात्रा किलोमागे ठरते आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत सोडतात. आधी दूध, मग औषध. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील, तर तो डोस द्यायचा नाही, कारण रक्तातली साखर एकदम उतरू शकते. प्रत्येक आईला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

अडचण वेगळीच आहे. गाठ सर्वांत वेगाने वाढते ती पाचव्या ते आठव्या आठवड्यात, आणि आपल्याकडे बाळ-बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाहीत. खुणेची उसळी नेमकी तेव्हाच सुरू झालेली असते. तोवर निदान खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी धरून, दर आठवड्याला एक फोटो काढावा आणि डॉक्टरांना पाठवावा.