सावली आधीच दिसते

कोल्हापुरात अंबाबाईचा किरणोत्सव होतो. आभाळ स्वच्छ असेल, तर मावळतीचे किरण ३१ जानेवारीला देवीच्या पायांवर येतात. २ फेब्रुवारीला मुखापर्यंत चढतात. वाटेत उंच इमारत आली, की ते अडतात.

सोलरच्या भिंतीचेही तसेच. हल्ली छपराबरोबर भिंतीलाही सोलर पॅनेल लावतात. त्यावर सावली पडली, की वीज घटते अन् पैसा वाया जातो. म्हणून घराचे चित्र आधी संगणकात उभे करतात. शेजारची घरे, झाडेही त्यात घालतात. मग पडद्यावर वर्षभराचा सूर्य फिरवून बघतात. मेअखेर आपल्याकडे सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन नाही. डिसेंबरात तीच भिंत उन्हाने न्हाते. पाया खणण्याआधीच हे सारे दिसते! शेजारी उद्या माडी चढवणार का, ते मात्र शेजाऱ्यालाच विचारावे लागते.