शिवणकामाचे आसन

शिवणकामाचे आसन : शिवणयंत्रावर किंवा हाताने शिवणकाम करताना बसण्यासाठी वापरण्यात येणारी खुर्ची, स्टूल अथवा अन्य बैठक. शिवणाऱ्या व्यक्तीची दृष्टी सुईच्या टोकाशी, दोन्ही हात कापडावर व पाय पेडलवर गुंतलेले असतात. त्यामुळे लिहिणारा किंवा वाचणारा माणूस ज्या सहजतेने बसण्याची ढब बदलतो, तशी ती तिला बदलता येत नाही. मान पुढे झुकलेली, पाठ वाकलेली आणि खांदे किंचित उचललेले अशा अवस्थेत तासन्‌तास बसावे लागत असल्याने मान, खांदे व कंबर यांची दुखणी या व्यवसायात सर्वत्र आढळतात. ही दुखणी धंद्याबरोबर येणारच, असे मानण्याची रीत आहे. तथापि त्यांतील बराच भाग आसन आणि यंत्र यांच्या उंचीचा मेळ नसल्याने उद्‌भवतो व तो टाळता येतो.

ऐतिहासिक आढावा : यंत्रपूर्व काळात शिंपी मांडी घालून बसत. भारतात ही बैठक जमिनीवर किंवा गादीवर असे, तर यूरोपात खिडकीलगतच्या रुंद फळीवर किंवा मेजावर असे. कापड स्वच्छ राहावे आणि उजेड भरपूर मिळावा हा त्यामागील हेतू होता. मांडीच्या पुढील बाजूने तिरप्या जाणाऱ्या लांब स्नायूला शारीरात ‘सार्टोरियस’ म्हणतात. हे नाव शिंपी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असून मांडी घालण्याच्या क्रियेत हा स्नायू भाग घेतो. व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचा पाया घालणारे इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिंप्यांच्या वाकलेल्या पाठीचे व बधिर होणाऱ्या पायांचे वर्णन केले आहे. एकोणिसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत घरगुती हातशिलाईसाठी बुटक्या, बिनहातांच्या खुर्च्या प्रचारात होत्या.

एलिअस हौ (१८४६) व आयझॅक सिंगर (१८५१) यांच्या एकस्वांनंतर शिवणयंत्राचा प्रसार झाला (⟶ शिवणयंत्र). पायाने चालणाऱ्या यंत्राने शिंप्याला जमिनीवरून उठवून स्टुलावर बसविले. यंत्राच्या रचनेत पुढे अनेक सुधारणा झाल्या. आसन मात्र घरात किंवा दुकानात जे हाताशी असेल ते, असेच राहिले.

शरीररचनेचा विचार : उभ्या माणसाच्या पाठीच्या कण्याला कमरेच्या भागात आतल्या बाजूने नैसर्गिक बाक असतो. माणूस बसला, की मांडी व धड यांतील कोन लहान होतो, श्रोणी मागे कलते आणि हा बाक सपाट होतो. अमेरिकन शल्यचिकित्सक जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण छायाचित्रांच्या साहाय्याने हा बदल दाखवून दिला. त्यापूर्वी १९४८ मध्ये स्वीडनमधील बेंग्ट ओकरब्लूम यांनी खुर्चीच्या पाठीने कमरेच्या भागाला आधार दिला पाहिजे, हे प्रतिपादिले होते.

मणक्यांमधील चकत्यांवर पडणारा दाब मोजण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतर केले. उभे राहण्यापेक्षा बसण्यात हा दाब बराच अधिक असतो, असा निष्कर्ष त्यांवरून रूढ झाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन मोजमापांत मात्र सैलपणे बसलेल्या स्थितीतील दाब उभ्या स्थितीइतकाच, किंबहुना किंचित कमी आढळला. परंतु पूर्ण पुढे वाकून बसले असता तो पुष्कळच वाढलेला दिसला. शिवणकामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हानी नुसत्या बसण्याने होण्यापेक्षा वाकून बसण्याने अधिक होते. म्हणून शिवणाऱ्याला वाकावे लागणार नाही अशी व्यवस्था करणे, ही आसनाच्या निवडीतील पहिली कसोटी होय.

आसनाची उंची : आसन चांगले की वाईट, हे केवळ आसनाकडे पाहून ठरविता येत नाही. त्याची उंची दोन मापांशी जुळावी लागते : एक, जमिनीपासून गुडघ्यामागील खळग्यापर्यंतची उंची आणि दोन, यंत्राच्या पृष्ठाची उंची. पहिल्या मापाहून आसन उंच असल्यास मांड्यांच्या खालच्या बाजूवर दाब पडून पायांना मुंग्या येतात. दुसऱ्याच्या मानाने ते बुटके असल्यास खांदे वर उचलावे लागतात. याउलट यंत्रच फार खाली असले, तर सुई पाहण्यासाठी पाठ वाकवावी लागते. बसलेल्या स्थितीतील कोपराच्या पातळीपेक्षा यंत्राचे पृष्ठ सु. ५ ते १५ सेंमी. उंच असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात.

ही दोन मापे पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात. बाजारातील साधी खुर्ची सु. ४५ सेंमी. उंच असते व यंत्राचे मेज सु. ७५ सेंमी. उंच असते. जिच्या गुडघ्यामागील खळग्याची उंची ३९ सेंमी. आहे, अशी स्त्री तेवढ्याच उंचीच्या आसनावर बसली व तिचे कोपर आसनापासून २० सेंमी. वर असले, तर कोपराची पातळी ५९ सेंमी. येते. मेजात बसविलेल्या यंत्राचे पृष्ठ त्याहून १६ सेंमी. उंच राहते. यंत्र मेजात न बसविता मेजावर ठेवले, तर हा फरक आणखी वाढतो. ४५ सेंमी. उंचीच्या खुर्चीवर तिचे हात योग्य पातळीवर येतात, परंतु पाय ६ सेंमी. अधांतरी राहतात. अशा वेळी हातांना प्राधान्य देऊन आसन उंच ठेवावे आणि पायांखाली फळी द्यावी, हा उत्तम मार्ग होय. विजेच्या यंत्राचे सुटे पेडल त्याच फळीवर ठेवता येते. पायाने चालवावयाच्या यंत्राचे पेडल मुळातच जमिनीपासून थोडे वर असल्याने फळीचे काम तेच काही अंशी करते.

भारतीय शरीरमापे पाश्चात्त्य मापांहून भिन्न आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीयांच्या शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला. आयात नमुन्यांवरून बनविलेली खुर्ची भारतीय स्त्रियांपैकी अनेकींना उंच होते, त्याचे कारण या फरकात आहे.

बैठक व पाठ : बैठकीची खोली इतकी असावी, की पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा उरेल. बैठक फार खोल असल्यास माणूस तिच्या कडेवर बसतो व पाठीचा आधार निरुपयोगी होतो. पुढची कड गोलसर असावी. गादी घट्ट व पातळ असावी. फार मऊ गादीत शरीर रुतते आणि पेडल चालविताना लागणारी स्थिरता नाहीशी होते. उष्ण हवेत वेताने विणलेली बैठक किंवा सुती अभ्रा सोयीचा असतो. रेक्झिनवर घाम साचतो.

पाठीचा आधार कमरेच्या खळगीत यावा. तो अरुंद असावा, म्हणजे कोपरे मागे घेताना अडथळा होत नाही. खुर्चीला हात नसावेत. ते मेजाला अडतात आणि त्यांत कापड अडकते. डॅनिश शल्यचिकित्सक ए. सी. मँडल यांनी १९७० नंतर पुढे उतरत्या बैठकीचा पुरस्कार केला. तीमुळे मांडी व धड यांतील कोन वाढून कमरेचा बाक टिकतो. विजेच्या यंत्रावर असा थोडा उतार उपकारक ठरतो; मात्र दोन्ही पायांनी पेडल मारावे लागत असल्यास शरीर पुढे घसरते, म्हणून तेथे बैठक सपाट ठेवणेच इष्ट.

चाके व फिरती बैठक : शिवण, कापणी व इस्त्री यांची मेजे जवळजवळ असल्यास फिरती बैठक उपयोगी पडते. चाके मात्र गुळगुळीत फरशीवर त्रासदायक होतात, कारण पेडल दाबताच खुर्ची मागे सरकते. चाकांची खुर्ची घ्यावयाचीच असेल, तर तिला पाच पाय असावेत व खाली सतरंजी अंथरावी.

मांडणी व उजेड : आसन यंत्राच्या मध्यासमोर न ठेवता सुईसमोर ठेवावे, अन्यथा धड सतत एका बाजूस पिळलेले राहते. उजेड अपुरा असल्यास किंवा चाळिशीचा चष्मा जुना झाला असल्यास उत्तम खुर्चीवरही माणूस पुढेच वाकतो. हातशिलाई, काजे व तुरपाई यांसाठी वेगळी, बुटकी व पाठ टेकता येईल अशी बैठक बरी. मांडीवर उशी घेतल्यास काम डोळ्यांजवळ येते व मान वाकत नाही.

पारख व उपाय : आसन घेण्यापूर्वी त्यावर पंधरा-वीस मिनिटे प्रत्यक्ष शिवून पाहावे. खांदे भरून आल्यास आसन बुटके, पायांना मुंग्या आल्यास उंच आणि कंबर दुखल्यास पाठीचा आधार चुकीच्या जागी, असे समजावे. केवळ मान अवघडल्यास प्रथम उजेड व चष्मा तपासावा. यावरील उपाय बहुधा अल्पखर्चाचे असतात : स्टुलाचे पाय कापणे, पायांखाली ठोकळे देणे, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवणे इत्यादी. तथापि कोणत्याही आसनावर सतत बसणे हितावह नसल्याने दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

सामाजिक बाजू : १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद केली; परंतु जे बसूनच काम करतात, त्यांची बैठक कशी असावी याचा तपशील तीत नव्हता. शिवाय नगावर मजुरी घेऊन घरी शिवणाऱ्या स्त्रिया अशा तरतुदींच्या कक्षेबाहेरच राहिल्या. त्यांच्या दृष्टीने दुखणाऱ्या पाठीचा अर्थ कमी नग आणि कमी मजुरी असा होतो. शिवणवर्गांत यंत्राला तेल घालण्याचे शिक्षण पहिल्या दिवशी दिले जाते. शिवणाऱ्या व्यक्तीच्या बैठकीचे माप घेणे हाही त्याच पहिल्या धड्याचा भाग असावयास हवा.