जोशी, गजानन अनंत
(३० जानेवारी १९११ – २८ जून १९८७). हिंदुस्थानी संगीतातील श्रेष्ठ व्हायोलिनवादक, ख्यालगायक व गुरू. जन्म मुंबई येथे. त्यांचे वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतुबुवा जोशी (१८८१–१९६७) हे मूळचे किन्हईचे (जि. सातारा), बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य व औंध संस्थानचे दरबारगायक. मिरज (जि. सांगली) येथे विष्णु दिगंबर पलुस्करांना घडविणारे गुरू ते हेच बाळकृष्णबुवा. ग्वाल्हेर गायकीचा हा वारसा गजाननरावांना घरीच लाभला. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ व आग्रा घराण्याचे विलायत हुसेनखाँ यांच्याकडे तालीम घेतली. घराण्यांचा अभिमान प्रखर असलेल्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

व्हायोलिन हे मूळचे पाश्चात्त्य वाद्य. त्याला पडदे नसल्याने मींड सहज निघते व गजामुळे स्वर अखंड टिकतो. मात्र स्वरस्थानाची अचूकता सर्वस्वी वादकाच्या कानावर व हातावर अवलंबून राहते. एकलवादनाचे वाद्य म्हणून ते महाराष्ट्रात रुजविण्यात गजाननरावांचा वाटा मोठा आहे. ख्यालाची मांडणी आणि लयकारी ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये होत.

औंध येथे अंतुबुवांनी १९४० मध्ये गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीतोत्सव गजाननरावांनी पुढे चालविला. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९७२ मध्ये मिळाला. श्रीधर पार्सेकर, उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर हे त्यांचे नामवंत शिष्य. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात व एका वाद्यात सामावूनही प्रत्येकीची शिस्त सांभाळणे, हे त्यांचे खरे कार्य होय.